कुसळवाडीचा जाळपट्टा

भैरवकड्याच्या तटावर पहाटेचा उजेड चढला, तरी पायथ्याचं तीन कोसांचं कुरण अजून काळवंडलेलंच होतं. कमरेइतकं वाळलं गवत, त्यात तीस गंजी, पश्चिमेला ओढा आणि पूर्वेच्या कडेला अकरा झोपड्यांची कुसळवाडी. गडाच्या पागेचं पोट भरणाऱ्या या वस्तीचं नाव गडाच्या एकाही दप्तरात नव्हतं. गवत राखायला माणसं लागत, तेवढ्यापुरती तिची आठवण होई.

खानाची फौज एका मजलेवर आली होती. वाडीची बायकापोरं गडावर आसऱ्याला गेली होती आणि गडावर दाणा होता महिनाभराचा. किल्लेदारांनी कुरण जाळण्याचा हुकूम सोडला. हवालदार रायाजीरावांनी तो वाटेतच गिळला आणि वाडीला उलटा सांगितला, की एक काडी जळाली तर मुंडकं मारू.

कुरणाचा राखणदार धुळाजी धनगर ओढ्यावर उभा होता. खानाच्या आघाडीच्या स्वारांपुढे, रिकिबीला रिकीब लावून, खुद्द रायाजीराव येताना त्याने पाहिले, आणि काडी न जाळण्याचा हुकूम कुणासाठी होता ते त्याला उमगलं.

"धुळाजी, निगा चोख राखलीस," रायाजीराव घोड्यावरूनच म्हणाले. "दोन महिने आमची घोडी इथंच चरतील."

"सरकारांची सोयरीक लवकर जुळली जी."

"जीभ आवर."

"आवरली. पण ओढ्यापल्याड लष्कराच्या चुली पेटणार. एक ठिणगी आली तर समदी वैरण जाईल. दरसालसारखा काठानं जाळपट्टा काढू द्या."

जाळपट्टा म्हणजे काठाकाठाने अरुंद पट्टी पेटवायची आणि आग आत शिरण्याआधी ओल्या घोंगड्यांनी बडवून विझवायची, म्हणजे पुढची आग तिथेच अडते. रायाजीरावांनी तो वीस वर्षे पाहिला होता, मात्र गडावरून. वारा पडलेला असतानाच तो काढतात आणि ऊन तापलं की ओढ्याकडून वारा उठतो, हे त्यांना कोण सांगणार? हुकूम देणाऱ्याला कशाला हवी ही अक्कल?

"काढ. लौकर."

धुळाजीने सात गड्यांना काठाने उभे केले, आणि घोंगड्या भिजवायला लावल्या. ऊन कासराभर आलं तरी भिजवणं संपेना.

"अजून भिजल्या नाहीत?"

"जुन्या हायत जी. म्हाताऱ्यावानी सावकाश पाणी पितात."

स्वार हसले. रायाजीराव हसले नाहीत. त्यांचा हात तलवारीवर गेला. तेवढ्यात धुळाजीच्या मानेला वारा लागला.

"पेटवा गड्यांनो."

आठ ठिकाणी धूर उठला. ज्वाळा गुडघ्याला आल्या, छातीला आल्या. घोंगड्या खांद्यावरच राहिल्या.

"बडवा. बडवा म्हणतो ना," रायाजीराव ओरडले. "अरे, तुमचीच घरं जळतील."

"व्हय जी," धुळाजी म्हणाला. "आमची बायकापोरं कोंडून मारायला तुम्ही निघालात. त्यापरीस घरं जळूद्यात."

तलवार त्याच्या गळ्यावर उतरली. सातही गडी ओढ्याच्या घळीतून निसटले. दुपारपर्यंत तीस गंजी, तीन कोस कुरण आणि अकरा झोपड्या यांची एकसारखी राख झाली.

उपाशी घोड्यांनिशी खान सहा दिवस टिकला. सातव्या दिवशी त्याने रायाजीरावांचं डोकं मारलं आणि तळ उठवला.

किल्लेदारांच्या शौर्याने गड राखला, असं दरबारात वाचलं गेलं. वाचोत. मृगाच्या तोंडावर कारकून ताटात जरीचा शेला घेऊन वाडीत आला, तेव्हा धुळाजीची बायको मायाक्का चार दांड्यांवर घोंगडं ताणत होती.

"बाई, सरकारांनी मान पाठवला आहे."

तिने शेला दोन्ही हातांनी ताणून उन्हात धरला, आरपार पाहिलं आणि परत ताटात ठेवला.

"ह्यातून पाणी गळंल," ती म्हणाली आणि दांडीची गाठ आवळू लागली.