आधीचं बरं, की हे?

बाबांच्या चष्म्याच्या दुकानाची खोली लांबीला अपुरी होती. म्हणून उलट्या अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे आणि समोरच्या भिंतीवर आरसा. आरशात अक्षरं सुलट दिसायची. चाचणीच्या जड फ्रेममध्ये एकेक काच बदलत बाबा विचारायचे, "आधीचं बरं, की हे?"

माझा नंबर कायम त्यांनीच काढला. मी शहरातल्या चष्म्यांच्या मोठ्या दुकानात नोकरीला, पण नाकावरचा चष्मा चार वर्षांपूर्वीचा. दिव्याखाली अंधार. चार वर्षं मी इकडे फिरकलेच नव्हते. फोनवर बाबा म्हणायचे, दुकान जोरात आहे. आता आले, तेव्हा ते नव्हते.

समोरच्या औषधवाल्याला शनिवारपर्यंत उत्तर हवं होतं. दुकान त्याला विकायचं, की नोकरी सोडून मीच इथे येऊन ते चालवायचं?

"तिकडे मशीन नंबर काढतं म्हणे," आत्या म्हणाली. मागच्या खोलीत ती बाबांच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. "मग तू काय करतेस? मशीन पुसतेस?"

"पगार घेते."

"घे बाई. इथे तेवढा मिळायचा नाही." ती हसली आणि बाबांच्याच सदऱ्याला डोळे टिपले.

बुधवारी मी काचांची पेटी आवरली. दोनशे बत्तीस काचा, प्रत्येकीची खाच ठरलेली. दुपारी पाहिलं, तर खुर्चीच्या हातावर फ्रेम आणि तीत दोन काचा. माझाच विसरभोळेपणा, असं म्हणून परत ठेवल्या.

गुरुवारी पुन्हा त्याच दोन. किल्ली माझ्याकडेच होती.

शुक्रवारी आत्याला विचारलं, "पेटीला तू हात लावतेस का गं?"

"मी कशाला लावू? शेवटी शेवटी दादाही लावायचा नाही."

"म्हणजे?"

तिचे हात थांबले. "तुला सांगू नको म्हणाला होता. दोन वर्षं त्याला काही दिसत नव्हतं. उजेड की अंधार, एवढंच कळायचं."

"पण लोक येत होते. चष्मे नेत होते."

"नेत होते. एकाचाही नंबर चुकला नाही."

"मग काचा कोण बदलायचं?"

"मीही विचारलं होतं. म्हणाला, मी फक्त प्रश्न विचारतो."

शनिवारी सकाळी, औषधवाला यायच्या आधी, मी खुर्चीत बसले. चष्मा काढला, रिकामी फ्रेम चढवली. आरशातली सगळ्यात खालची ओळ धूसर होती.

उजव्या डोळ्यापुढे टक् असा आवाज झाला. ओळ आणखी पुसट झाली.

पुन्हा टक्.

ओळ स्वच्छ दिसली. आरशात मी एकटीच होते.

कोणी काही विचारलं नाही. सवयीने मीच मोठ्याने म्हणाले, "हे बरं."

फ्रेम काढून पाहिली. तीत काचा नव्हत्या. पेटीतली एकही खाच रिकामी नव्हती.

"काय ठरलं, ताई?" औषधवाला दारात उभा होता.

"विकायचं नाही. मी राहतेय."

"बरं झालं," तो म्हणाला आणि रस्ता ओलांडून गेला.

मी दारात आले. चष्मा आत टेबलावरच राहिला होता, आणि समोरच्या दुकानातल्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं मला वाचता येत होती. स्टेशनकडे जाणारा रस्ता शेवटच्या घरापर्यंत स्वच्छ दिसत होता. खिडक्यांचे गजसुद्धा मोजता आले असते.

त्या घरापलीकडे सगळं पुसट होतं. मी डोळे चोळले. आत जाऊन चष्मा आणला, लावला, काढला.

त्या घरापलीकडे रस्ता नव्हताच.