सोमवारची शिफारस

इलाला शिफारसपत्र मी गुरुवारी दिलं. एक पान, खाली सही, सहीखाली माझा फोन नंबर.

अमेरिकेतल्या कॅरी गावात, एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत आमचा इंग्रजीचा वर्ग चालतो. नवऱ्याच्या नोकरीमागून इथे आलेल्या बायका, कुणाचे सासू-सासरे, दोन कोरियन आजोबा. वर्गाची व्यवस्था मी बघते. इला दोन वर्षं माझ्या हाताखाली शिकवत होती. वय चोवीस, जन्म इथलाच. तिला पोलंडमधल्या एका छोट्या भाषाशाळेत इंग्रजी शिकवायला जायचं होतं. आधीच्या नोकरीतून कुणी पत्र दिल्याशिवाय तिथे घेत नाहीत, आणि तिची आधीची नोकरी म्हणजे मीच.

"मावशी, फार गोड नका लिहू हं," ती म्हणाली होती. "त्यांना वाटेल माझ्या आईनंच लिहिलंय."

मी होतं तेच लिहिलं. वेळेवर येते. कुणी चुकलं तर हसत नाही. फळ्यावरचं अक्षर मात्र वाईट आहे.

मंगळवारी सकाळी त्या शाळेच्या संचालिका इरेनाबाईंची मेल आली. काल फोनवर इतका वेळ दिल्याबद्दल आभार. आपण इलाविषयी फार आपुलकीनं बोललात.

मेल मी दोनदा वाचली.

सोमवारी मी बोलत नाही. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत मौन असतं. अकरा वर्षं झाली, एकदाही मोडलेलं नाही. फोनचा आवाज बंद करून तो देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवते, एवढंच.

फोन काढून बघितला. सोमवार, सकाळी दहा वाजून चार मिनिटं. परदेशातला नंबर. उचललेला कॉल, एकवीस मिनिटं.

"एआय," नरेंद्र म्हणाले. माझे यजमान औषध कंपनीत संगणकाचं काम करतात, बरेचदा घरूनच. "हल्ली दोन वाक्यं मिळाली की कुणाचाही आवाज काढतात. स्कॅम असेल."

"पण कॉल माझ्या फोनवर उचललाय."

त्यांनी कॉफीचा कप कडेला सरकवला.

"तू बोलत होतीस ना पण. मी वरून ऐकलं. म्हटलं, सोडलंस वाटतं मौन. मी कशाला टोकू?"

"मी काय बोलत होते?"

"इंग्रजी. हळू, नेहमीसारखं. शब्द नाही कळले."

त्या वेळी मी देव्हाऱ्यासमोर बसून वाती वळत होते. डबा उघडून बघितला. वाती होत्या, अर्धा डबा भरून. म्हणजे हात तिथेच होते. आधी मला नरेंद्रांचा संशय आला, ते चेष्टा करताहेत असा. मग रात्रभर स्वतःचा.

बुधवारी पहाटे मी इरेनाबाईंना लिहिलं, आपलं काय बोलणं झालं ते कृपया कळवाल का, माझ्या नोंदीसाठी. त्यांनी लगेच टिपण पाठवलं. प्रश्न नेहमीचेच होते. वेळ पाळते का? पाळते. मोठ्या माणसांना शिकवताना धीर धरते का? फार. प्रत्येक उत्तर मी दिलं असतं तसंच होतं, फळ्यावरच्या अक्षरासकट.

शेवटचा प्रश्न होता: तिला पुन्हा कामावर घ्याल का?

उत्तर: आनंदानं घेतलं असतं. पण ती परत येणार नाही.

खाली इरेनाबाईंनी स्वतःचं एक वाक्य जोडलं होतं. आपला आमच्या शाळेवरचा हा विश्वास आम्हाला फार भावला.

मी फोन लावला.

"सोमवारी तुमच्याशी बोलली ती मी नव्हे," मी म्हणाले.



"आपण कोण बोलताय?" इरेनाबाईंनी विचारलं. मी नाव सांगितलं. "क्षमा करा," त्या सावकाश म्हणाल्या, "त्या बाईंचा आवाज मी ऐकलाय. आपला तसा नाही."

संध्याकाळी वर्ग भरायच्या आधीच इला आली. जॅकेटसुद्धा काढलं नाही.

"मावशी, ऑफर होल्डवर टाकली त्यांनी! म्हणे कुणीतरी तुमचं नाव घेऊन फोन केला आणि रेफरन्स खोटा आहे म्हणून सांगितलं."

"मीच केला तो फोन."

"का पण? द्यायचंच नव्हतं तर आधी सांगायचं ना. घरी आई रोज रडतेय, मला वाटलं निदान तुम्ही तरी..."

मी तिला ते शेवटचं उत्तर सांगितलं. मौनाचंही सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि मग ती एकदम हसली.

"अहो, कॉम्प्लिमेंट आहे ती! म्हणजे मला तिथे इतकं आवडेल की मी येणारच नाही. तुम्ही उपासाच्या ग्लानीत बोलला असाल, मावशी."

"सोमवारी माझा उपास नसतो."

तिची व्हिसाची अपॉइंटमेंट पुढच्या मंगळवारी होती. त्याआधी शाळेचं पक्कं पत्र हातात पडलं नाही तर वर्ष वाया. इरेनाबाईंना फक्त सोमवारी सकाळी दहाला जमत होतं. तिघींनी एकत्र बोलायचं, असं इलानंच ठरवलं.

"मला माहितेय, तुमचा सोमवार असतो," ती म्हणाली. "एकदाच बोला ना. माझ्यासाठी."

मी हो म्हटलं. सोमवारी पहाटे देवापुढे बसून माफी मागितली. काय बोलायचं ते ठरलं होतं. मागच्या खेपेला बोलली ती कोण, हे कळत नाही तोवर मी माझं पत्र मागे घेते. इलानं आयुष्यभर अबोला धरला तरी चालेल.

दहा वाजता फोन वाजला. स्पीकर लावून तो पाटावर ठेवला.

"नमस्कार," इरेनाबाई म्हणाल्या. "इलाही आहे आपल्यासोबत."

"हाय, मावशी."

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही.

पुन्हा प्रयत्न केला. नुसता श्वास.

"हां," इरेनाबाई हसल्या. "आज ओळखला मी आपला आवाज."

फोनमधून शांतता. एखाद्या वाक्याएवढी.

"नाही, नाही, माफी कसली. गैरसमज झाला, इतकंच."

शांतता.

मी लाल बटण दाबलं. स्क्रीनवरचे सेकंद पुढे सरकत राहिले. पुन्हा दाबलं.

जिन्यावर पावलं वाजली. नरेंद्र अर्ध्यावर येऊन थांबले, कानाला हेडफोन. माझ्याकडे बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "जरा हळू. मीटिंग चालू आहे." आणि वर जाऊन दार लावून घेतलं.

"परतीचं तिकीट शाळाच देते," इरेनाबाई सांगत होत्या. "जूनचं काढू का?"

शांतता. या वेळी लांब.

"बरं," त्या म्हणाल्या. कीबोर्डवर बोटं चालल्याचा आवाज आला. "मग एकेरीच काढते."

"मावशी?" इलाचा आवाज एकदम मऊ झाला होता. "अहो, मावशी, तुम्ही रडू नका ना."

मी गालांवरून हात फिरवला. कोरडे होते.