बोरंदगडाचा हौद

उजाडलं तेव्हा बोरंदगडाच्या हौदाकाठी तीन शेळ्या मरून पडल्या होत्या. वेढा घालून बसलेल्या फौजेने गडाबाहेरून हौदात येणाऱ्या झऱ्यात बचनागाचं विष कालवलं, हे शेळ्यांच्या तोंडचा फेस पाहून हकीम मुईजुद्दीन यांनी ओळखलं. दुसऱ्या टाक्यात दोन दिवसांचं पाणी होतं आणि गडावर माणसं तीनशे.

किल्लेदार सरफराजखानाला गड सोडायचा नव्हता. त्याने हौदाकाठीच सभा भरवली.

"मौलाना, हे पाणी प्यावं की नाही?"

वस्तूंत स्वतःची ताकद असते का, यावर मौलाना फसीह वीस वर्षं हकिमांशी भांडत आले होते. ते म्हणाले, "विष मारत नाही, आग जाळत नाही. मारणारा, जाळणारा एक अल्ला. पाण्यात मारण्याची ताकद आहे म्हणणं म्हणजे त्याला भागीदार जोडणं."

"फसीहमियाँ," हकीम थकल्या आवाजात म्हणाले, "जगाची घडी नीट बसली आहे म्हणून तिचा कर्ता आहे, हा पुरावा तुम्हीच देता ना? वस्तूंना स्वभावच नाही म्हटलंत, तर घडी कसली आणि पुरावा कसला? धर्म नव्हे, तुमचा तर्क लंगडा आहे."

"लंगडा असून वीस वर्षं तुमच्या पुढेच चालतोय!"

लोक हसले. किल्लेदार हसला नाही. "बस झालं. शिपायांना पाजा."

मौलानांचा चेहरा उतरला. "थांबा. बोललो मी, तेव्हा आधी मी पिणार."

त्यांनी वाडगा बुडवला. हकिमांनी त्यांचं मनगट धरलं. "वाद तुम्ही जिंकलात. सगळ्यांदेखत सांगतो, मी हरलो. वाडगा ठेवा."

"हरलात ना? मग पिऊ द्या की," मौलाना म्हणाले, आणि प्यायले.

हकिमांनी ओकारीचं औषध दिलं, मीठपाणी दिलं. काही लागू पडलं नाही. दुपारी मौलानांची जीभ जड झाली.

"यातून तुमचं काही सिद्ध होत नाही, हकीम. त्याने ठरवलं, इतकंच."

"नाही होत," हकीम म्हणाले. "पडून राहा."

किल्लेदाराने हौद बुजवला आणि तिसऱ्या दिवशी दरवाजा उघडला. तीनशेला एक कमी, एवढी माणसं जिवंत खाली उतरली. वेढ्याच्या सरदाराच्या कानावर सगळं गेलंच होतं. त्याने हकिमांना अडवून विचारलं, "म्हणजे शेवटी खरे तुम्हीच ठरलात?"

"ते प्यायले," हकीम म्हणाले. "मी नाही प्यालो."

आणि ते पुन्हा रांगेत शिरले.