सारजाबाईच्या हातची टिपरी

"वहिनी, उद्यापासनं रानात पाय टाकू नका." सावळेराम ताटाकडे बघतच बोलला, आणि सारजाबाईची तव्यावरची भाकरी करपून गेली...

उसाची लागण होऊन महिना उलटला तरी शिनोलीच्या त्या रानात कोंबांपेक्षा मोकळ्या जागा, नांग्याच जास्त दिसत होत्या. बेण्याला विधवेचा हात लागला म्हणून असं झालं, असं सावळेरामनं मनात पक्कं धरलं. ज्या दिराला आईमागं तिनं मांडीवर वाढवलं, त्यानंच...

खरं काय ते तिला ठाऊक होतं. घोडेगावहून आणलेला समुद्री शेवाळाचा अर्क पिंपातल्या पाण्यात टोपणानं मोजून टाकायचा होता. सावळेरामच्या नव्या सुनेनं, इंद्रायणीनं, कोंब जोमानं फुटावेत म्हणून अख्खी बाटली ओतली आणि बेण्यासाठी तोडलेल्या उसाच्या टिपऱ्या रातभर त्यात भिजत ठेवल्या. टिपऱ्यांवरचे कोंब फुटायचे डोळेच मेले. रानात कोंब दिसेनात तेव्हा इंद्रायणी रडत तिच्याकडं आली होती.

"थोरल्या आत्या, मामा मला माहेरी धाडतील..."

"गप. बेणं मी बुडवलं म्हणून सांगते."

वर्षभर सारजाबाई रानाकडे पाठ करून भाकरी थापत राहिली. दारात कुणी आलं की पदर पुढं ओढायची. चूक तिची नव्हती, पण लाज मात्र खरीच अंगाला चिकटली होती.

पुढच्या लागणीला इंद्रायणीनं अर्क मोजून घातला, टिपऱ्या बुडवून लगेच काढल्या. सरी न् सरी हिरवी झाली. शेजारचा गेणभाऊ चहाला आला होता. "सूनबाईचा हात लई गुणाचा," सावळेराम म्हणाला.

गेणभाऊ हसला. "मागल्या साली कुणाचा व्हता राव?"

चुलीपुढं सारजाबाईची मान आणखी खाली गेली. ते पाहून इंद्रायणीनं हातातली कपबशी खाली ठेवली.

"माझाच व्हता, मामा. बाटली मी ओतली. आत्यांनी माझ्यापायी अंगावर घेतलं."

सावळेराम चहा तसाच टाकून उठून गेला.

सकाळी तो मागच्या दाराशी उभा होता, हातात एक टिपरी घेऊन. "वहिनी... बांधाकडंला एक नांगी राहिलीय."

"माझ्या हातानं नको रं."

"तुमच्याच हातानं. न्हाईतर ती तशीच राहू द्या." त्याची नजर वर होत नव्हती.

तिनं ओल्या सरीत टिपरी दाबली. तो शेजारी मान खाली घालून बसला होता, लहानपणी मार खाल्ल्यावर बसायचा तसा... तिचा चिखलाचा हात नकळत त्याच्या डोक्यावर गेला.

केसांतला तो चिखल सावळेरामनं दिवसभर धुतला नाही.