गूळ भरवण्याआधी

राजाराम परब लालबागच्या चाळीत राहायचा, गिरणीत फिटर होता. त्याची बायको चंपा हिच्या अंगात दर शुक्रवारी देवी येते, हे त्यानं मला परळच्या आमच्या इस्पितळात येऊन, नळाला पाणी किती वाजता येतं ते सांगावं तसं सांगितलं. शुक्रवारी तिचा कडक उपास. दुपारी घाम सुटायचा, हात थरथरायचे, मग ती भलतंच बोलू लागायची. शेजारणी प्रश्न विचारायच्या. शेवटी सासू राधाबाई तिला गूळ भरवायची, की देवी गेली!

"गूळ लगेच का देत नाही?" मी विचारलं.

"असां कसां, डाक्टरानू? सगळ्यांचे प्रश्न होवक नकोत?"

हल्ली प्रश्न वाढले होते. छप्पन्न साल ते. मोर्चाला गेलेलं, पकडलेलं, बेपत्ता झालेलं कुणी ना कुणी घरोघरी होतं. मागच्या शुक्रवारी गुळाला इतका उशीर झाला, की चंपाला झटके आले.

देवीबिवी मी मानत नाही. हा रक्तातल्या साखरेचा खेळ, हे उघड होतं. पण ती एवढी का घसरावी? मधुमेहाचं इंजेक्शन नाही, दारू नाही, यकृत ठणठणीत. उरली एक दुर्मीळ शक्यता: स्वादुपिंडात एखादी बारकी गाठ, नको तेव्हा इन्शुलिन सोडत बसणारी. खात्री करायची तर तिला उपाशी ठेवायचं, लक्षणं दिसताच रक्त काढायचं आणि तत्काळ शिरेतून ग्लुकोज द्यायचं. उशीर झाला तर मेंदूच जायचा. तिला दाखल करून उपाशी ठेवलं आणि मी स्वतः खाटेशी बसलो. खरं सांगायचं तर मनातून खूश होतो. असा रुग्ण जन्मात एकदा भेटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिला घाम फुटला. मी रक्त काढलं, ग्लुकोजची सुई शिरेत घातली.

"चिंतामणीचा भाऊ ना तू?" ती म्हणाली.

चिंतामणी माझा धाकटा भाऊ. जानेवारीत ठाकूरद्वारच्या घरून मोर्चाला गेला, तो परतलाच नाही. इस्पितळात हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

अंगठा सिरिंजच्या दट्ट्यावर होता. मी तो दाबला नाही.

"कुठाय तो?"

"इथंच उभा आहे. वाट बघतोय."

"कसली?"

तिचे डोळे फिरले. ओठ हलत राहिले. मी कान जवळ नेला. आणखी एक शब्द, मग देतो. आणखी एकच.

"डॉक्टर, ग्लुकोज!" कमल नर्स ओरडली.

घड्याळात दहा वाजून अकरा मिनिटं झाली होती. मी दट्ट्या दाबला. चाळीतल्या बायकांना मी अडाणी म्हणत होतो. त्याची लाज आजही वाटते.

चंपानं डोळे उघडले. आधी काढलेल्या रक्तात साखर अवघी अठ्ठावीस निघाली. शस्त्रक्रियेत गाठ सापडली, वाटाण्याएवढी. देवी पुन्हा आली नाही.

दोन महिन्यांनी राजाराम तिला घेऊन आला. हातात पेढे.

"बरी झाली, डाक्टरानू. शुक्रवारीपण जेवता. पण डाव्या हातानं. म्हातारी वरडता, तरी ऐकत नाय."

मी तिचा उजवा हात तपासला. पकड, संवेदना, सगळं ठीक. तसं कागदावर लिहिलं.

मग तिच्यापुढे पेढा धरला. तिनं तो डाव्या हातानं घेतला, आधी हुंगला, अर्धा मोडला आणि माझ्यापुढे केला.

आमच्या घरात डावरा एकटाच होता. माझा अर्धा वाटा दिल्याशिवाय तो कधी पेढा खात नसे.