सहावा टाइम-आउट

त्या दोघांची ओळख झाली ती तिच्या एका घोडचुकीमुळे. कॉलेजच्या बास्केटबॉल सामन्यांचे गुण लिहिणारे कारकून तापाने आडवे झाले होते, आणि "आकडेच तर मांडायचेत!" म्हणून गणिताच्या मॅडमना गुणपत्रकासमोर बसवलं गेलं. सामना ऐन रंगात असताना एक उंच, किंचित लंगडणारा तरुण टेबलापाशी आला. मिनिटभर खेळ थांबवायची खूण म्हणून एका हाताची बोटं त्याने दुसऱ्या तळव्याखाली उभी टेकवली.

"टाइम-आउट द्या."

तिने चष्मा वर सरकवला. "कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे... आम्ही हरतोय, मॅडम!"

"मग तसं सांगा की!" म्हणत तिने भोंगा दाबला. नेमका त्याच्याच संघातला मुलगा बास्केटखाली उडी घेत होता. तो दचकला, चेंडू भलतीकडे गेला आणि सगळा हॉल हसू लागला. तिला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

पण हा पठ्ठ्या रागावला नाही. सामना संपल्यावर खुर्ची ओढून शेजारी बसला. "मी मागितला तरी लगेच द्यायचा नसतो. खेळ थांबेपर्यंत वाट बघायची."

"आणि तोवर तुम्ही काय करायचं?"

"इथेच उभं राहायचं. तुमच्याजवळ."

ती गुणपत्रकावर वाकली. कान मात्र लाल झाले होते, आणि ते त्याने पाहिलं.

पोरं त्याला धाकटे सर म्हणत. मुख्य प्रशिक्षक ते मोठे सर. त्यांना बाकावरून उठायचा कंटाळा, म्हणून टाइम-आउट मागायला दरवेळी धाकट्यांचीच रवानगी व्हायची. पहिल्या अर्ध्यात दोन, दुसऱ्यात तीन. सामन्यागणिक पाच वेळा तो तिच्यासमोर येऊन उभा राही. कारकून बरे झाले, तरी तिने ती खुर्ची सोडली नाही. का, ते कारकुनांनाही कळलं होतं.

हळूहळू त्याची सगळी कहाणी तिला कळली. खेळाडू म्हणून नाव होत असतानाच गुडघा गेला. मग एका शाळेत फुकट शिकवणं, एका कॉलेजात पाण्याच्या बाटल्या भरणं आणि जर्सी धुणं, दुसऱ्या कॉलेजात साहाय्यक, आणि आता इथेही साहाय्यक.

"आमच्या धंद्यात बढती म्हणजे बदली," तो हसून म्हणाला. "आई माझा पत्ता पेन्सिलीनेच लिहिते. खोलीत तीन खोकी आहेत, ती मी कधी उघडतच नाही. पुन्हा बांधायची कुणी?"

ती हसली खरी, पण ती खोकी तिच्या मनातून काही केल्या जाईनात.

दोन वर्षं अशीच गेली. 'अहो मॅडम'चं 'अगं' झालं... फक्त मनातली गोष्ट कुणी बोलेना.

हंगामातला शेवटचा सामना. सकाळीच स्टाफरूममध्ये तिच्या कानावर आलं की धाकट्या सरांना दूरच्या एका कॉलेजने मुख्य प्रशिक्षक म्हणून बोलावलंय, उद्या उत्तर कळवायचंय. तिला ते तिसऱ्याकडून कळावं? ती इतकी दुखावली की पूर्ण सामनाभर तिने मान वर केली नाही.

शेवटचं दीड मिनिट. संघ चार गुणांनी पुढे. आणि हा टेबलासमोर हजर, हातांची तीच खूण करून!

"शिल्लक नाही. पाचही संपले," ती कोरडेपणाने म्हणाली.

"माहितीये. पण दुसऱ्या कुठल्या निमित्ताने इथे येणार? तू बघतही नाहीयेस..."

"अरे, मिळाला का?" मोठे सर बाकावरून ओरडले.

"नाही म्हणतायत, सर!"

"मग तिथे काय मुक्काम ठोकलायस?"

सामना जिंकला. पोरं ओरडत बाहेर पळाली, हॉल रिकामा झाला. ती गुणपत्रकाची घडी घालत होती. तो समोर येऊन उभा राहिला.

"सकाळपासून तीनदा तुझ्या वर्गाच्या दारापर्यंत आलो, तू फळ्यावर लिहीत होतीस. दहा वर्षं या एका कामाची वाट बघितली मी. आणि आता पत्र हातात आलं, तर... तुझ्याशिवाय नको वाटतंय. माझं प्रेम आहे तुझ्यावर. येशील?"

तिने घडी बाजूला ठेवली आणि, आजवर ज्या खुणेची तिने फक्त नोंद केली होती, ती खूण स्वतःच्या हातांनी केली. टाइम-आउट.

"किती?" त्याने विचारलं.

"नियमाप्रमाणे. एक मिनिट."

त्याने खरंच गळ्यातलं घड्याळ सुरू केलं. ती नुसती बघत राहिली त्याच्याकडे – थकलेले खांदे, घड्याळावर खिळलेली नजर, आखडलेला गुडघा. पन्नासाव्या सेकंदाला टाइम-आउट संपत आल्याचा भोंगा वाजतो. तिने तो बरोबर पन्नासाव्याच सेकंदाला दाबला. तो दचकला.

"तू पुढे हो," ती म्हणाली. "माझ्या वर्गातली मुलं परीक्षेला बसली की मी येते. गणित तिथेही तेच असेल. पण एक अट आहे."

"बोल."

"तिथे ती खोकी उघडायची. तिन्ही."

त्याचे डोळे भरून आले. "तिसऱ्यात काय आहे, मलाही आठवत नाही गं..."

"मग त्याला हात लावू नकोस. मी आल्यावर मिळून उघडू."