मध्यरेषेपर्यंत

जाहिरात बघून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे, एवढीच निकेशची अट होती. खेळाच्या जाहिरातीत हल्ली सगळ्यांना पाणीच हवं असतं. निकेश पनवेलजवळच्या त्याच्या गावात कबड्डीच्या स्पर्धा भरवतो. त्याचे वडील आनंदाकाका, एके काळी पनवेलपासून उरणच्या मोऱ्यापर्यंत नाव असलेले चढाईपटू. त्यांच्या तरुणपणच्या एका फोटोवरून एआयने त्यांची चढाई पुन्हा उभी करायची, असं ठरलं. मी ही कामं खांदा कॉलनीतल्या माझ्या फ्लॅटमध्ये बसून करते. मैदान लागत नाही, कॅमेरा लागत नाही, चहा मात्र लागतो.

आवाज तेवढा खरा घेतला. सत्तरीतल्या काकांनी माझ्या सोफ्यावर बसून एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हटलं. एकोणीस सेकंद. मग खोकले आणि खूश होऊन हसले.

“आमच्या टायमाला दम सुटला का मानूस बाद,” ते म्हणाले. “रेषेला हात लागंपर्यंत श्वास घ्यायचा नाय.”

मंगळवारी दुपारी बापलेक काम बघायला आले. माझं सॉफ्टवेअर एका वेळी आठ सेकंदांचंच दृश्य बनवतं. एका तुकड्याचं शेवटचं चित्र पुढच्या तुकड्याला द्यायचं, की सांधा दिसत नाही. तीन तुकडे तयार होते. तरुण काका मध्यरेषा ओलांडतात, एकाला शिवतात, आणि सात जण त्यांना खाली पाडतात. ते परत येतात तो चौथा तुकडा बाकी होता.

मी आवाज जोडून फिल्म लावली. काका समोर सोफ्यावर, निकेश माझ्या मागे उभा. एकोणिसाव्या सेकंदाला आवाज संपायला हवा होता. संपला नाही. माझ्याकडूनच दोनदा जोडला गेला असेल, म्हणून मी तपासलं. एकदाच जोडला होता.

चोविसाव्या सेकंदाला चित्र थांबलं. आवाज चालूच. आणि आता तो घोगरा होत चालला होता, छाती रिकामी होत आलेल्या माणसाचा होतो तसा.

मी स्पीकर बंद केला. काही फरक पडला नाही.

“बाबा?” निकेश म्हणाला.

काकांचं तोंड अर्धवट उघडं होतं. नजर स्क्रीनवर. छाती हलत नव्हती. नखं निळसर दिसायला लागली होती.

“बाबा, श्वास घ्या ना.” निकेशने त्यांचे खांदे गदागदा हलवले.

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. मी त्याला अँब्युलन्स बोलवायला सांगितली. तेवढ्यात काकांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि दुसऱ्या हाताने स्क्रीनवरच्या पांढऱ्या रेषेकडे बोट केलं.

मी टाइप केलं : खेळाडू मध्यरेषेला हात लावतो.

तुकडा बनायला पंचवीस सेकंद लागले. इतकी घाबरलेली मी आयुष्यात कधी नव्हते.

तरुण काका सात जणांना ओढत सरपटले. वीतभर अलीकडे थांबले.

पुन्हा तेच टाइप केलं. बोटं चुकत होती.

हात लागला.

आवाज बंद झाला. सोफ्यावरच्या काकांनी श्वास ओढला, पंपात पाणी चढण्याआधी हवा ओढली जाते तसा. निकेश फरशीवर बसून लहान मुलासारखा रडायला लागला.

मी काकांना पाणी दिलं. मग सगळे तुकडे पुसले, आवाजही पुसला.

“ही फिल्म कुणालाही दिसता कामा नये,” मी निकेशला म्हणाले.

त्याने मान वर केली नाही. “मॅडम, तुमी लावली तवा मी मागून मोबाईलवर शूट केली. लगेच गावच्या ग्रुपवर टाकलीय.”

“कुठपर्यंत शूट केलीस?”

“सात जनांनी पकड केली तिथपर्यंत. मग बाबांचं असं झालं.”

“काढून टाक. आत्ता.”

“सगल्यांनी उतरवून घेतली हाय.”

आमच्या खालच्या स्टँडवरचे निम्मे रिक्षावाले त्यांच्याच गावचे. खिडकीतून कुणाचं तरी कौतुकाचं हसणं ऐकू आलं, आणि पाठोपाठ मोबाईलवर काकांच्या आवाजात ‘कबड्डी कबड्डी’ सुरू झालं. मग जरा पलीकडून आणखी एक, पहिल्याच्या दोन शब्द मागे.

काकांनी ग्लास जपून टीपॉयवर ठेवला. आमच्या दोघांकडे बघितलं. मग छाती भरून एक मोठा श्वास घेतला आणि तोंड अर्धवट उघडलं.